हाकेला ओ

आमच्या घराच्या ओसरीवर, खिडकीलगतच्या मेजावर, २०१२ सालापासून एक संगणक बसलेला आहे. मी मुख्याध्यापक असताना तो विकत घेतला आणि सेवानिवृत्तीनंतरही तोच माझा सोबती राहिला. वयोमानाप्रमाणे त्याच्या तक्रारी वाढत गेल्या. मी त्या कौतुकाने सोसत गेलो. म्हाताऱ्या माणसाने म्हाताऱ्या यंत्राला नावे ठेवू नयेत, असे मी हसून म्हणत असे. परंतु गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पोटातून ‘टक्, टक्’ असा आवाज येऊ लागला, आणि माझे हसू मावळले. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने कान लावून तो आवाज ऐकला व शांतपणे सांगितले, “गुरुजी, आतली तबकडी थकली आहे. कधी बसेल, सांगता येणार नाही. काय हवे असेल ते लवकर काढून घ्या.”

काय हवे असेल ते! त्या यंत्रात काय होते, हे सांगितल्यावाचून माझ्या मनाची घालमेल तुम्हांस कळणार नाही.

आमचा कवठे महांकाळ तालुका सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणग्रस्त भागात मोडतो. अग्रणी नदी आमच्या तालुक्यातून वाहते. पण वर्षातील कित्येक महिने ती वाहते म्हणण्यापेक्षा आठवते म्हणणेच खरे ठरत असे. आज म्हैसाळच्या उपसा सिंचन योजनेमुळे कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढून इकडे येते, द्राक्षांचे मळे डोलतात, बेदाण्यांचे रॅक उभे राहतात. परंतु १९७२ साली मी आठवीत असताना जो दुष्काळ पडला, तो ज्यांनी पाहिला त्यांच्या मनातून तो कधीच गेला नाही. आमच्या मातांनी भर उन्हात खडी फोडली, पाझर तलावांच्या कामावर मातीच्या पाट्या वाहिल्या. आम्ही मुलांनी वाटपाची सुकडी आणि परदेशाहून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी खाल्ली.

पुढे मी शिक्षक झालो, तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की केली. आपल्या मुलांना पाणी मोजता आले पाहिजे. १९९२ पासून २०१६ पर्यंत, म्हणजे २४ वर्षे, आमच्या शाळेतील मुले दर महिन्याला परिसरातील ११ विहिरींवर जात आणि गाठी मारलेल्या दोरीला दगड बांधून पाणी किती खोल आहे ते मोजून वहीत लिहीत. अशी तीन हजारांहून अधिक मोजमापे जमली. त्याचबरोबर गावोगावच्या वृद्ध माणसांकडून दुष्काळाच्या आठवणी ऐकून मी त्या आधी कॅसेटवर आणि नंतर संगणकात साठविल्या. त्यांत विहिरी खणणारे वडार होते, मेंढपाळ होते, मुकादम होते. आणि माझी आईही होती. तिचा आवाज मी २००३ साली नोंदविला. २००९ साली ती गेली. हे सारे धन त्या टकटकणाऱ्या तबकडीवर होते, आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. दोन वर्षे मी ‘उद्या करू’ म्हणत आलो होतो.

माझ्या मुलाने एक नवा संगणक आणून दिला. आता जुन्यातील १,२४६ फाईली नव्यात न्यायच्या. प्रथम मी पेनड्राइव्हचा मार्ग धरला. परंतु जुन्या यंत्राचे ते खाचे झिजून सैल झाले होते. निम्मे काम होते न होते तोच जोडणी सुटे आणि पुनश्च हरिॐ करावे लागे. प्रत्येक खेपेस ती टकटक मात्र वाढे. मग इंटरनेटवरून पाठवावे म्हटले. माझी नात सातवीत शिकते. ती सुट्टीसाठी आली होती. तिने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. सर्व फाईलींचे ओझे ४० गिगाबाइट, म्हणजे सुमारे ४०,००० मेगाबाइट. आमच्याकडून बाहेर पाठविण्याचा वेग सेकंदाला दोन मेगाबिट. एका बाइटमध्ये आठ बिट असतात. तेव्हा सेकंदाला पाव मेगाबाइट जाणार. एकूण १,६०,००० सेकंद, म्हणजे चव्वेचाळीस तासांहून अधिक!

“आणि आबा,” ती म्हणाली, “हे सगळं कुठं तरी लांबच्या गोदामात जाणार, आणि तिथनं परत याच मेजावर येणार. दोन्ही संगणकांत तर हातभराचंच अंतर आहे. मधे एक तारच का लावू नये?”

शेजारच्या घरी निरोप द्यायचा, तर तो मुंबईच्या टपालकचेरीतून कशाला पाठवायचा? मुलीचे म्हणणे सरळ होते. मी बाजारात जाऊन दोन मीटर लांबीची जोडतार घेऊन आलो. दिसावयास ती टेलिफोनच्या तारेसारखी, पण जरा जाड. दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची लहानशी बोंडे. हिला ‘इथरनेट केबल’ म्हणतात. या पद्धतीचा शोध अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लागला. रॉबर्ट मेटकाफ या तरुण संशोधकाने १९७३ च्या मे महिन्यात तिची कल्पना टिपणात मांडली आणि डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. त्या वेळी आमच्या तालुक्यावरून तो भीषण दुष्काळ ओसरलाही नव्हता. मनुष्यजात एकाच काळात किती निरनिराळ्या ठिकाणी उभी असते!

त्या तारेच्या एका टोकाचे बोंड जरा निरखून पाहा. आत आठ बारीक तारा दिसतील, आठ वेगवेगळ्या रंगखुणांच्या. वरचे आवरण सोलले, तर त्या दोन-दोनांच्या चार जोड्या असून प्रत्येक जोडीला पीळ दिलेला आढळेल. मोटेच्या नाड्याला पीळ देतात तो बळकटीसाठी; येथील पीळ मात्र गोंगाट टाळण्यासाठी असतो. आसपासच्या विजेच्या तारांचा, पंख्याचा, मोटारीचा उपद्रव जोडीतील दोन्ही तारांना सारखाच पोहोचतो, आणि पलीकडचे यंत्र त्या दोहोंतील फरक तेवढा वाचीत असल्यामुळे तो उपद्रव आपोआप वजा होतो. ही युक्ती टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची. १८८१ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. अशा तारेतून सामान्यतः १०० मीटरपर्यंत यंत्रे एकमेकांशी नीट बोलू शकतात.

तार घेताना दुकानात उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मला बजावले होते, “दोन संगणक थेट जोडायचे तर साधी तार चालत नाही, उलटी तार लागते.” त्यांचे म्हणणे एके काळी अक्षरशः खरे होते. त्या जुन्या पद्धतीत तारांची एक जोडी बोलण्यासाठी आणि दुसरी ऐकण्यासाठी असे. दोन सारखीच यंत्रे सरळ तारेने जोडली, तर तोंडासमोर तोंड आणि कानासमोर कान येई. दोघेही बोलत, पण ऐकणारा कोणी नसे. म्हणून एका टोकाला जोड्यांची अदलाबदल केलेली तार वापरावी लागे. आजची यंत्रे मात्र ही अडचण स्वतःच ओळखतात आणि आपल्या कानाची व तोंडाची जागा आपणच बदलून घेतात. आमच्या दोहोंपैकी निदान नवा संगणक तरी असा समजूतदार होता, आणि एकजण समजूतदार असला की काम भागते.

तार लावली. खाचेजवळचे लहान हिरवे दिवे लुकलुकू लागले. मी आनंदाने टाळी वाजविली. पण नव्या संगणकाच्या पडद्यावर जुन्याचा मागमूसही दिसेना.

“दिवे लागले म्हणजे रस्ता झाला, आबा,” नात म्हणाली. “पण घराचा पत्ता कुठं आहे?”

खरेच आहे. रस्ता असला म्हणून पत्र पोहोचत नाही. संगणकांच्या जगात प्रत्येकाला एक पत्ता असावा लागतो, आणि तो अंकांचा असतो. माझ्या जुन्या संगणकाला पूर्वी कोणीतरी १९२.१६८.०.५ असा पत्ता कायमचा देऊन ठेवला होता. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात किंवा कचेरीतल्या कचेरीत वापरण्यासाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणूनच माझ्या घरात जो पत्ता आहे तोच तुमच्याही घरात असू शकतो. पहिले तीन आकडे म्हणजे जणू गल्लीचे नाव, आणि शेवटचा आकडा म्हणजे घराचा क्रमांक. नव्या संगणकाला कोणीच पत्ता न दिल्यामुळे त्याने आपल्या मनानेच १६९.२५४ ने सुरू होणारा एक तात्पुरता पत्ता धारण केला होता. म्हणजे दोघे एकाच मेजावर असून निराळ्या गल्ल्यांत राहत होते!

हे पाहून मला मिरजेचे स्थानक आठवले. माझ्या लहानपणी कवठे महांकाळवरून मिरज-पंढरपूर ही छोटी गाडी धावे. तिचे रूळ अवघे अडीच फूट रुंद. १९७१ साली पुणे-मिरज मार्गाचे रूळ साडेपाच फुटी झाले. दक्षिणेकडे जाणारा मार्ग मीटरमापी होता. त्यामुळे पुढे कित्येक वर्षे मिरजेस तीन मापांचे रूळ शेजारी-शेजारी नांदत होते. रूळ शेजारी असले म्हणून काय झाले? छोट्या गाडीतील पोते मोठ्या गाडीत न्यावयाचे तर हमालाच्या पाठीवरूनच न्यावे लागे. जवळ असणे वेगळे आणि जोडलेले असणे वेगळे, हा धडा मी मिरजेच्या फलाटावरच शिकलो होतो. पण वेळेवर आठवला नाही.

आता पत्ता देण्याचे काम मी स्वतःकडे घेतले. जुन्याचा पत्ता पाहून नव्या यंत्रात मोठ्या काळजीने, एकेक आकडा तपासून, तस्साच्या तसा लिहिला. लगेच पडद्यावर तक्रार उमटली. नात पोट धरून हसू लागली.

“आबा, तुम्ही दोघांनाही एकच पत्ता दिलाय! पोस्टमनने पत्र कुणाला द्यायचं?”

इतकी वर्षे मुलांच्या वह्यांतील चुका काढणाऱ्या माझ्या लेखणीची ही गत! मी निमूटपणे शेवटचा पाच खोडून सहा केला. गल्ली एक, घरे दोन. आता दोघांचे जमावयास हरकत नव्हती.

जमले की नाही हे पाहण्याची एक सुरेख रीत आहे. तिला ‘पिंग’ म्हणतात. अमेरिकेतील माइक म्यूस या संगणकतज्ज्ञाने १९८३ साली हा छोटासा कार्यक्रम लिहिला. समुद्रात पाणबुडीचा शोध घेताना ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीची वाट पाहतात, त्यावरून त्याने हे नाव ठेवले. एक यंत्र दुसऱ्याला हाक मारते आणि त्याच्या उत्तरास किती वेळ लागला ते मोजते. नातीने हाक मारावयास सांगितली. नव्या संगणकाने चार हाका मारल्या. चारही वाया गेल्या.

“जुना घरात आहे, पण दार उघडत नाही,” ती म्हणाली. प्रत्येक संगणकाच्या उंबऱ्यावर एक पहारेकरी असतो. अनोळखी हाकेला त्याने उत्तर देऊ नये, हेच योग्य. तारेचे दुसरे टोक आपल्याच घरात आहे, बाहेरच्या जगाशी या यंत्राचा आज काही संबंध नाही, याची खात्री करून घेऊन तिने जुन्या यंत्रात ‘हे घरचे जाळे आहे’ असे नोंदविले आणि फाईली वाटून घेण्याची मुभा दिली. शिवाय मला एक संकेतशब्दही ठरवावयास लावला. कारण माझ्या यंत्राला आजवर कुलूपच नव्हते, आणि ज्या घराला कुलूपच नाही त्याची किल्ली दाखवून आत यावयाचे कसे? मग तिने पुन्हा हाक मारविली. पडद्यावर एकामागून एक चार ओळी उमटल्या. चार हाका, आणि चारही हाकांना ओ! उत्तर यावयास लागलेला वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

त्यानंतर जुन्या यंत्रातील ‘पाणी’ नावाचे फोल्डर वाटणीसाठी खुले केले; मात्र ‘केवळ वाचावे, बदलू नये’ अशा अटीवर. मूळ प्रतीला धक्का लागता कामा नये, ही काळजी नातीला सुचली याचे मला फार समाधान वाटले. जुन्या यंत्राचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट होता. आठने भागले की साडेबारा मेगाबाइट. या हिशेबाने ४०,००० मेगाबाइटना ३,२०० सेकंद, म्हणजे ५३ मिनिटे लागावयास हवीत. प्रत्यक्षात सव्वा तास लागला. कोठे चव्वेचाळीस तास आणि कोठे सव्वा तास!

तो सव्वा तास मी पडद्यासमोर बसून होतो. तारेतून माहिती सलग धारेने जात नाही. तिचे लहान-लहान पुडके बांधले जातात. एका पुडक्यात साधारणतः जास्तीत जास्त १,५०० बाइट मजकूर असतो, आणि प्रत्येकाच्या शेवटी चार बाइटांची पडताळणीची खूण जोडलेली असते. घेणारे यंत्र पुन्हा गणित करून ती खूण जुळते का पाहते. न जुळल्यास ते पुडके टाकून देते, आणि ते पुन्हा मागविले जाते. हे समजले तेव्हा माझ्या मनात संत एकनाथांची मूर्ती उभी राहिली. ज्ञानेश्वरी हातांनी उतरून घेता-घेता लेखकांच्या हातून तीत अनेक अपपाठ शिरले होते. एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून १५८४ साली तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रत करणे हे अर्धेच काम. ती मूळाशी ताडून पाहणे हे उरलेले अर्धे. नाथांनी जे वर्षानुवर्षांनंतर केले, ते ही लहानशी तार प्रत्येक पुडक्यागणिक करीत होती.

परंतु तार कितीही प्रामाणिक असली, तरी मुळातच जे पुसले गेले आहे ते ती कोठून आणणार? काम संपल्यावर आम्ही मोजणी केली. जुन्यात १,२४६ फाईली, नव्यात १,२४३. तीन फाईली जुन्या तबकडीला वाचताच येईनात. पुनःपुन्हा प्रयत्न केले. प्रत्येक वेळी तीच टकटक, आणि मग स्तब्धता. त्यांतील दोन विहिरींच्या तक्त्यांच्या होत्या. त्यांच्या मूळ वह्या माळ्यावर आहेत, त्या पुन्हा उतरून काढता येतील. तिसरी एका वृद्ध विहीरखोदऱ्याच्या आवाजाची होती. जमिनीला कान लावून पाण्याची जागा सांगणारा तो माणूस आता हयात नाही. त्याची कॅसेट मी कधीच पुसून तिच्यावर दुसरे काही नोंदविले होते. त्याचे शब्द आता कोणालाही ऐकू येणार नाहीत. दोन वर्षांपूर्वी मी आळस केला नसता, तर ते वाचले असते. मुलांनो, ही चूक यंत्राची नव्हे, माझी आहे, आणि ती तुम्हांस सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

जोडणीचे सामर्थ्य केवढे असते! पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक घडविला. त्याचे रहस्य एकाच अवाढव्य यंत्रात नव्हते; एकट्याने फार मोठे काम न करू शकणारे अनेक प्रक्रियक एकमेकांना जोडून, काम वाटून देण्यात ते होते. आमच्या ओसरीवर जुळलेले दोन संगणक म्हणजे त्याच तत्त्वाचा अगदी चिमुकला धाकटा भाऊ. रस्ता हवा, वेगळा पत्ता हवा, ओळख पटलेल्यासाठी दार उघडावयास हवे, आणि दिले-घेतले ते ताडून पाहावयास हवे. माणसांमाणसांतील व्यवहाराचीही याहून वेगळी सूत्रे मला ठाऊक नाहीत.

संध्याकाळी सर्व आवरल्यावर नातीने विचारले, “आबा, सगळं नीट आलंय का, एखादी फाईल लावून बघायची?” तिने सूचीतून जी उघडली ती नेमकी माझ्या आईची निघाली. इतक्या वर्षांत ती लावण्याचे धैर्य मला झाले नव्हते. नव्या संगणकातून आईचा आवाज ओसरीभर पसरला. ती खडीच्या कामाविषयी सांगत होती, सांगता-सांगता थांबली आणि म्हणाली, “ऐकतोयस न्हवं रं?” पाठोपाठ माझाच तरुणपणीचा आवाज आला, “हो, आई.” नात माझ्याकडे पाहत राहिली. तिने आपल्या पणजीला कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या फाईलींच्या आणखी दोन प्रती केल्या. एक मुलाच्या घरी पाठविली आणि एक शाळेच्या ग्रंथालयात ठेवली. जुन्या संगणकातील वाटणीची मुभा काढून घेतली, तार गुंडाळून फडताळात ठेवली. तो संगणक मात्र मी मेजावरून हलविला नाही.

तुमच्याही घरी असा कोणी वृद्ध असेल, ज्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. त्याचे बोलणे आजच टिपून घ्या, आणि टिपलेले एकाच ठिकाणी ठेवू नका. हाक मारली की ओ देणारे कोणीतरी पलीकडे आहे, तोवर ती मारून घ्यावी.